घोड्याच्या जठरांतील कृमि आणि त्यांचीं कुळें

आमच्या एका वाचक भगिनीनें एक लहानसाच परंतु मोठा चांगला प्रश्न विचारला आहे. घरीं गाय आहे, अंगणांत कुत्रा आहे, आणि मुलांच्या पोटांत अधूनमधून जंत होतात. तेव्हां 'जंत' म्हणून जो प्राणी आहे तो एकच असून निरनिराळ्या पोटांत शिरतो, कीं ज्याचें पोट त्याचा जंत वेगळा, असा तो प्रश्न आहे. याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें. परंतु तसें केल्यानें त्यांतली गंमत, आणि त्याहून महत्त्वाची अशी त्यांतली उपयुक्तता, दोन्ही नाहींशा झाल्या असत्या. म्हणून या महिन्याचें सदर याच विषयास देण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय पोटांतल्या किड्यांचा आहे. तेव्हां ज्यांचीं पानें मांडलीं गेलीं असतील त्यांनीं हा लेख जेवणानंतर वाचावा, एवढी सूचना आधींच देऊन ठेवतों.

जंतांचे मुख्य प्रकार दोन. एक चपटे, फितीसारखे अगर पानासारखे. दुसरे गोल, सुतासारखे अगर गांडुळासारखे, परंतु गांडुळाप्रमाणें अंगावर वलयें नसलेले. या दुसऱ्यांस गोलकृमि म्हणतात. मुलांच्या पोटांतून पडणारा वीतभर लांबीचा जंत हा गोलकृमीच होय. परंतु तो राहतो आंतड्यांत. आज आम्हांस बोलावयाचें आहे तें जठरांत राहणाऱ्यांविषयीं. जठर हें कांहीं सुखाचें बिऱ्हाड नव्हे. तेथें आम्लरस पाझरत असतो, अन्न रात्रंदिवस घुसळलें जात असतें. तरी पण मासा, सरडा, कोंबडी, शेळी, घोडा, वाघ आणि देवमासा या पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांच्या जठरांत कोणी ना कोणी गोलकृमि वस्ती करून असतोच.

यांतून आम्ही घोडा निवडतों, आणि त्यास एक घरगुती कारण आहे.

आमच्या लहानपणीं आमच्या बोळाच्या तोंडाशीं एक टांगेवाला राहत असे. त्याच्या घोड्याच्या डाव्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यास व पुढच्या एका पायास दर वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस जखम होई. पावसाळाभर ती चिघळत राही. तींतून पिवळसर कण्यांसारखें कांहीं बाहेर पडे. आणि थंडी पडली कीं ती आपोआप भरून येई. पुढच्या वर्षीं पुन्हां तेंच. आमची आजी मुक्या प्राण्यांच्या बाबतींत फार कडक होती. तिनें एकदां त्यास दारांत उभें करून चांगलेंच खडसावलें, कीं इतका घट्ट साज घालून जनावराचें कातडें सोलवटतोस, तुला कांहीं वाटतें कीं नाहीं? तो हात जोडून एवढेंच म्हणाला, "साज नाही लागत हो माई तिथं. डोळ्याच्या कोपऱ्याला कुठला आलाय साज?" आजीस तें पटलें नाहीं. त्या दिवसापासून देवळास जातांना ती दुसऱ्याचा टांगा बोलावूं लागली, आणि तिचें पाहून वाड्यांतल्या इतर बिऱ्हाडांनींहि तसेंच केलें.

तो टांगेवाला खरें बोलत होता, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें. त्या जखमेचें मूळ साजांत नव्हतें, बहुधा जठरांत होतें.

घोड्याच्या जठरांत जे गोलकृमि सांपडतात त्यांचे दोन अगदीं भिन्न मेळ आहेत. पहिला मेळ हॅब्रोनेमा व त्याच्या भाऊबंदांचा. हे तीन जातींचे असून सामान्यतः अर्ध्या इंचापासून इंचापर्यंत लांब असतात. ग्रीक भाषेंत या नांवाचा अर्थ 'नाजूक तंतु' असा आहे. दुसरा कृमि ट्रायकोस्ट्राँगिलस ॲक्सी या भारदस्त नांवाचा. पण देह पाव इंचाचा आणि केसाइतका बारीक. दोघेहि त्याच जठरांत, त्याच श्लेष्मल अस्तरास चिकटून राहतात. साध्या डोळ्यांनीं पाहणारा दोहोंस 'घोड्याच्या पोटांतले जंत' म्हणून मोकळा होईल. परंतु हें नांव नव्हे, हा नुसता पत्ता झाला. एका वाड्यांत घरमालक, दोन भाडेकरी आणि वार लावून जेवणारा एखादा विद्यार्थी अशीं माणसें राहतात. पत्ता सर्वांचा एक. म्हणून गोत्र एक होत नाहीं. या दोन कृमींचें गोत्र तर इतकें दूरचें आहे, कीं त्यांचे मूळपुरुष कोट्यवधि वर्षांपूर्वींच वेगळे झाले.

हें गोत्र ओळखावयाचें कसें? कृमीला पाय नाहींत, पंख नाहींत, रंग बहुधा नाहीं; सर्वांचा आकार दोऱ्याचा. म्हणून शास्त्रज्ञ दोन टोंकांकडे पाहतात. नराच्या शेपटीच्या टोंकास छत्रीसारखी पसरट झालर असून तींत काड्यांसारखे आधार दिसले, तर तो स्ट्राँगिलिडा गणाचा. ट्रायकोस्ट्राँगिलस हा त्यांतला. तोंडाभोंवतीं तीन ठसठशीत ओठ असले तर तो ॲस्कॅरिडा गणाचा. मुलांच्या पोटांतला तो वीतभर जंत याच घराण्याचा. आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंस एक एक असे दोनच ओठ असले, तर बहुतेक तो स्पायरुरिडा गणाचा. हॅब्रोनेमा या तिसऱ्या गणांत पडतो. हे ओठ नीट दिसावे म्हणून बारीक पात्यानें कृमीचें मुंडकें छाटून, तें काचेवर उभें करून, वरून सूक्ष्मदर्शकांतून पाहावें लागतें. अर्धा मिलिमीटर रुंदीसुद्धां नसलेल्या प्राण्याचें मुंडकें छाटून उभें करणें म्हणजे काय काम असेल, याची कल्पना सुईंत दोरा ओंवतांना त्रासणाऱ्या आमच्या वाचकांस येईल. चिटवुड व वेहर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं इ. स. १९३४ मध्यें अशा मुंडक्यांच्याच आधारें या गणाची पुन्हां मांडणी केली. आणि घोड्याच्या त्या तिघां भावांपैकीं एकाचें तोंड नळीसारखें नसून नरसाळ्यासारखें आहे असें पाहून त्यास ड्राशिया हें स्वतंत्र प्रजातिनाम देऊन वेगळें काढलें. हा ड्राशिया जठराच्या भिंतींत गांठी करून राहतो. बाकीचे दोघे मोकळे असतात. म्हणजे तोंडावरून केलेली वांटणी वागणुकीशींहि जुळली.

आतां हॅब्रोनेमाची हकीकत. ही मुंबईंत सुरू होते, हें आम्हांस प्रथम समजलें तेव्हां फार नवल वाटलें.

इ. स. १८६१ च्या सुमारास हेन्री जॉन कार्टर नांवाचा शस्त्रवैद्य मुंबईस होता. (त्याच वेळीं तेथें दुसरा एक डॉक्टर कार्टर होता, 'ग्रेज ॲनॉटमी' या प्रसिद्ध ग्रंथांतील चित्रें काढणारा तो हेन्री व्हँडाइक कार्टर. दोघेहि हेन्री, दोघेहि डॉक्टर, दोघेहि मुंबईस. यामुळें पुष्कळांचा घोटाळा होतो. नांवांचा असा घोटाळा कृमींतच होतो असें नाहीं.) आमचा कार्टर रॉयल सोसायटीचा सभासद होता. भूगर्भशास्त्र, गोड्या पाण्यांतील सूक्ष्म जीव, नारूचा कृमि, पुढें समुद्रांतील स्पंज, अशा नाना विषयांत त्यानें काम केलें. त्यानें मुंबईच्या घरांतील सामान्य माशी सूक्ष्मदर्शकाखालीं घेतली, तेव्हां त्यास तिच्या सोंडेंत बारीक गोलकृमि वळवळतांना दिसले. त्यानें पुष्कळ माशा तपासल्या. सुमारें दर तीन माशांतील एकीच्या अंगांत दोनापासून विसांपर्यंत कृमि निघाले. त्यानें त्यांस 'फायलेरिया मस्की' म्हणजे माशीचा फायलेरिया असें नांव देऊन त्यांचें वर्णन छापलें, आणि पुढें तो इंग्लंडास निघून गेला.

त्यापुढें पन्नास वर्षें हें वर्णन अर्धेंच राहिलें. माशींतला कृमि सर्वांस ठाऊक, पण तो मोठा होऊन कोठें जातो हें कोणासच ठाऊक नाहीं. इकडे घोड्याच्या जठरांतले कृमि पशुवैद्यांस पूर्वींपासून माहीत; पण ते जठरांत येतात कोठून, याचा पत्ता नाहीं. वर आम्हीं सांगितलेल्या ओठांच्या व शेपटीच्या खुणा कृमि वयांत आल्यावरच पुरत्या उमटतात. त्यामुळें माशींतल्या पोरवयाच्या कृमीचें तोंड कितीहि निरखलें तरी त्याचें कुळ उमगणें कठीण होतें. अखेरीस अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील ब्रेटन रॅन्सम यानें १९११ मध्यें थोडक्यांत व १९१३ मध्यें सविस्तर दाखवून दिलें, कीं हीं दोन माणसें नसून एकच आहे. मुंबईच्या माशींतला मुलगा आणि घोड्याच्या जठरांतला बाप्या एकाच जातीचे.

त्याचा प्रवास असा. कृमीचीं अंडीं व पिल्लें लिदीबरोबर बाहेर पडतात. माशीहि आपलीं अंडीं लिदींतच घालते. माशीची अळी लीद खातां खातां कृमीचीं पिल्लें गिळते. अळीचा कोश होतो, कोशांतून माशी निघते, आणि तेवढ्या अवधींत पिल्लूं तिच्या अंगांत वाढून तिच्या सोंडेपर्यंत पोंचलेलें असतें. ही माशी घोड्याच्या ओल्या ओठांवर बसली कीं त्या ऊबेनें व ओलाव्यानें पिल्लें सोंड भेदून बाहेर येतात, घोडा तीं चाटून गिळतो, आणि जठरांत त्यांचा संसार सुरू होतो. हें झालें सरळ. पण माशी नेहमीं ओठांवरच बसते असें थोडेंच आहे? ती डोळ्याच्या कोपऱ्यांतल्या ओलाव्यावर बसते, पायावरच्या खरचटलेल्या जागीं बसते. तेथेंहि पिल्लें उतरतात. तेथें त्यांस वाढतां येत नाहीं व परततांहि येत नाहीं. तीं कातड्यांत घुसून मरतात, त्यांच्याभोंवतीं मांस वाढतें, पिवळसर कण्या धरतात, जखम चिघळते. माशांचा हंगाम संपला कीं ती सुकते. आपल्या देशांतले घोडेवाले हिला 'बरसाती' म्हणत. (त्याच नांवाखालीं बुरशीसारख्या एका निराळ्या जीवानें होणारी जखमहि घातली जाई, म्हणून आम्हीं वर 'बहुधा' हा शब्द घातला आहे.)

रॅन्समनंतर या कृमीचें नांव हॅब्रोनेमा मस्की असें झालें. फायलेरिया हें आडनांव गेलें. परंतु आरंभीं ठेवलेलें जातिनाम शक्य तोंवर बदलावयाचें नाहीं असा शास्त्रज्ञांचा दंडक असल्यामुळें 'मस्की' राहिलें. सासरीं आल्यावर आडनांव बदललें तरी माहेरचें नांव चालूं ठेवलें, असाच हा प्रकार. घोड्याच्या जठरांत राहणारा प्राणी आज दीडशें वर्षांहून अधिक काळ 'माशीचा' म्हणवून घेत आहे, आणि नांवापुढच्या कंसांत कार्टरचें नांव व १८६१ हें साल उभें आहे.

ट्रायकोस्ट्राँगिलस यांतलें कांहींच करीत नाहीं. त्यास माशी लागत नाहीं, कोणी मध्यस्थ लागत नाहीं. त्याचीं अंडीं शेणांतून वा लिदींतून पडतात, पिल्लें गवतावर चढतात, दंव असलेलें गवत जनावर खातें, संपलें. तो गाईच्या, मेंढीच्या, शेळीच्या जठरांतहि तितक्याच सुखानें राहतो. म्हणून गाईंच्या कुरणांत चरणाऱ्या घोड्यास तो होतो. एकाचा बंदोबस्त करावयाचा तर लीद हलवून माशी मारली पाहिजे. दुसऱ्याचा करावयाचा तर माशा मारून कांहींएक उपयोग नाहीं. कुरण बदललें पाहिजे. जठरांत कोण आहे याचें कुळ ठाऊक नसलें, तर मालक चुकीच्या दारास कुलूप लावून बसतो.

स्पायरुरिडा गणाचा हा स्वभावच आहे, कीं त्याला दुसऱ्या कोणाच्या अंगांतून यावें लागतें. १८३६ मध्यें रिचर्ड ओवेन यानें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या एका तरुण वाघाच्या जठरांत गांठ पाहिली, आणि तींत अंगावर कांट्यांच्या रांगा असलेला एक कृमि. त्याचें नांव नॅथोस्टोमा. तो वाघाच्या पोटांत शिरला कसा, हें कळावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं. सयामांतील प्रोम्मास व डेंगस्वांग यांनीं १९३३ पासून पुढच्या कांहीं वर्षांत दाखविलें, कीं तो प्रथम पाण्यांतल्या सायक्लॉप्स नांवाच्या बारीक जीवांत व मग माशांत राहून मांजर-कुत्र्यांच्या जठरांत येतो. कच्चा मासा खाणाऱ्या माणसाच्या कातड्याखालीं तो भटकत फिरतो, हें आणखी एक.

तीन ओठांच्या ॲस्कॅरिडा गणाचेहि कांहीं जठरवासी आहेत. देवमासे व डॉल्फिन यांच्या जठरांतला ॲनिसाकिस त्यांतलाच. याचीं पिल्लें समुद्रांतल्या माशांत असतात. १९६० मध्यें व्हॅन थील व त्याच्या सहकाऱ्यांनीं हॉलंडांत दाखवून दिलें, कीं कच्चा हेरिंग मासा खाल्ल्यावर कांहीं लोकांस होणाऱ्या तीव्र पोटदुखीचें कारण हाच कृमि होय. पुढें तेथें असा मासा विकण्यापूर्वीं गोठविण्याचा कायदा झाला. आमच्या बहुतेक वाचकांच्या पानांत मासा येत नाहीं. आमचे सारस्वत वाचक खातात, परंतु ते तो नीट शिजवून वा तळून खातात, तेव्हां त्यांनींहि काळजी करण्याचें कारण नाहीं.

कोंबडीच्या पोटांत मात्र एक प्रकार आहे तो सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. टेट्रामेरीस नांवाच्या या कृमीचा नर पांढरा, सुतासारखा, आणि मादी रक्ताच्या थेंबासारखी लाल व गोल. पेषणीच्या अलीकडे असलेल्या जठराच्या भागांत ती ग्रंथींमध्यें रुतून बसते. बाहेरून नुसता लाल ठिपका दिसतो. हीं दोघें नवराबायको आहेत असें पाहणारास सांगूनहि खरें वाटणार नाहीं. याच प्रजातींतील एक जात हिंदुस्थानांतील कोंबड्यांत सांपडली व १९४४ मध्यें भालेराव व राव यांनीं तिचें वर्णन केलें. हे भालेराव म्हणजे ज्यांनीं आपल्या देशांतील पाळीव जनावरांच्या कृमींचा संग्रह-ग्रंथ १९३५ मध्यें प्रसिद्ध केला तेच. ज्या नांवाचीं माणसें आपल्या शेजारीं राहतात तें नांव कृमीच्या नांवाशेजारीं छापलेलें पाहून आम्हांस अभिमान वाटला, हें कबूल करतों.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत घातक मात्र शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या जठरांतला हिमाँकस. हा स्ट्राँगिलिडा गणाचा, म्हणजे ट्रायकोस्ट्राँगिलसचा भाऊबंद. पण हा रक्त पितो. एक कृमि दिवसाकांठीं सुमारें ०.०५ घन सेंटिमीटर रक्त घेतो असा हिशेब आहे. हजारों कृमि असले म्हणजे शेळी पांढरीफटक पडते, जबड्याखालीं सूज येते व ती मरते. दक्षिण आफ्रिकेंतील पशुवैद्यांनीं यावर एक सोपी युक्ति काढली. शेळीची खालची पापणी उलटून तिचा रंग छापील रंगपट्टीशीं ताडून पाहावा, आणि फिकट दिसेल तिलाच औषध द्यावें. सगळ्यांस सरसकट औषध पाजल्यानें कृमि औषधास दाद देईनासे होतात. थायाबेंडाझोल हें औषध १९६१ मध्यें आलें आणि १९६४ मध्येंच त्यास न जुमानणारे हिमाँकस आढळले, इतकी ही गोष्ट जलद घडते. परंतु ही पापणीची परीक्षा हिमाँकसपुरतीच खरी. शेजारीं बसलेला ट्रायकोस्ट्राँगिलस रक्त पीत नाहीं. त्यानें शेळी खंगली तरी पापणी लालच राहते. तसेंच क्लोसँटेलसारखीं कांहीं औषधें रक्त पिणारासच बाधतात. भाऊबंद झाले तरी एकाचें औषध दुसऱ्यास चालतेंच असें नाहीं.

ओठ आणि शेपट्या यांवर केलेली ही मांडणी कितपत खरी होती, याची परीक्षा १९९८ मध्यें झाली. ब्लॅक्स्टर व त्याच्या सहकाऱ्यांनीं ५३ जातींच्या गोलकृमींच्या डी.एन.ए.चा एक भाग ताडून पाहिला. दोन ओठांचे स्पायरुरिडा व तीन ओठांचे ॲस्कॅरिडा हे एका मोठ्या शाखेंत आले. म्हणजे घोड्याचा हॅब्रोनेमा आणि मुलांच्या पोटांतला जंत हे दूरचे चुलत. स्ट्राँगिलिडा मात्र अगदीं वेगळ्या शाखेंत गेला. आणि तेथें त्याच्या शेजारीं निघाला कोण, तर मातींत राहून जंतु खाणारा, कोणासहि त्रास न देणारा एक मिलिमीटर लांबीचा एलेगन्स नांवाचा कृमि, ज्याच्यावर जगभरच्या प्रयोगशाळा काम करतात. रक्त पिणारा हिमाँकस या गरीब बिचाऱ्याचा सगोत्र! परोपजीवी वृत्ति गोलकृमींत एकदांच उपजली नाहीं, निरनिराळ्या घराण्यांत ती पुन्हां पुन्हां उपजली, हें यावरून सिद्ध झालें. गणांचीं नांवें कोठें लावावीं यावर मतभेद आहेत. कित्येक आतां या सर्वांस एकाच मोठ्या गणाखालीं पोटभेद म्हणून घालतात. मुंडकें छाटून पाहणारांनीं जे मेळ पाडले होते ते मात्र पुष्कळसे टिकले, हें त्या सुईसारख्या कामाचें श्रेय म्हटलें पाहिजे.

तेव्हां भगिनींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें, कीं ज्याचें पोट त्याचा जंत असेंहि नाहीं, आणि सर्वांचा एक असेंहि नाहीं. कित्येक एकाच धन्याकडे राहतात, कित्येक गाय, शेळी, घोडा असा भेद करीत नाहींत, आणि कांहींस तर वाट दाखविण्यास माशी लागते. गाईस काय झालें आहे हें पशुवैद्याकडून शेण तपासून घ्यावें, मुलांचें डॉक्टरकडून. एकाचें औषध दुसऱ्यास देऊं नये.

त्या टांगेवाल्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. वाड्यांतलीं गिऱ्हाइकें तुटल्यावर दोन वर्षांत त्यानें घोडा विकला व तो मुलाकडे गांवीं गेला. त्याच्या तबेल्यामागें लिदीचा एक ढीग असे, आणि उन्हाळ्यांत त्यावर माशा घोंगावत. तो ढीग दर आठवड्यास हलविला असता तर घोड्याचा डोळा बरा राहता. त्यानें एकदोनदां तो उचलून गांवाबाहेर टाकण्याचें मनांतहि आणलें होतें. पण तो तसाच राहूं दे म्हणून त्यास आमच्या आजीनेंच सांगून ठेवलें होतें. पावसाळ्याच्या तोंडाशीं तिला गुलाबांस घालावयाला जुनी लीद लागत असे.